जपानमध्ये हॉटेल शोधताना आधी स्टेशनची लिफ्ट पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर त्या आरामात चालतात. मेच्या सुट्टीत दहा दिवस टोकियो, क्योटो, ओसाका करायचं आहे. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं, जपान रेल पास (ठरावीक दिवस रेल्वेने हवं तेवढं फिरण्याचा पर्यटकांचा पास) काढावा का, आणि आई सोबत असताना रेल्वेने फिरणं झेपेल की सगळीकडे टॅक्सीच करावी?

मी काही वर्षं टोकियोत राहिलो आणि आता पुण्यातून मराठी कुटुंबांच्या जपान सहली आखून देतो. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न हाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखांचं. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात चार सरकारी सुट्ट्या येतात. त्याला तिथे गोल्डन वीक म्हणतात आणि त्या दिवसांत सारा देश घराबाहेर पडतो. हॉटेलांचे दर दुप्पट होतात आणि टोकियो-क्योटो मार्गावरच्या नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, विनाआरक्षित डबेच नसतात. आपल्या शाळांना नेमकी त्याच सुमारास सुट्टी लागते, म्हणून बरीच कुटुंबं या गर्दीत सापडतात. तुम्ही ७ मेनंतर निघा. मेचा दुसरा आणि तिसरा आठवडा हा माझ्या मते जपानचा सर्वांत सुखाचा काळ आहे. ऊन सोसवतं, संध्याकाळी पातळ जॅकेट पुरतं आणि पावसाळा जूनवर ढकललेला असतो. साकुराची, म्हणजे चेरीची, फुलं टोकियो-क्योटोत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपतात, त्यामुळे त्यांची हळहळ नको.

आता रेल पास. तुमच्या आराखड्यात तो काढू नका. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला मिळायचा, तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो नोझोमीचं आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनच्या आसपास आहे. म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पासची किंमत वसूल होत नाही. इंटरनेटवरचे बरेच जुने सल्ले दरवाढीच्या आधीचे आहेत, त्यावर जाऊ नका. शिवाय तुम्हाला टोकियोला परत यायचंच कशाला? विमानाचं तिकीट असं काढा की उतरायचं टोकियोत आणि परतायचं ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून. एका बाजूचं शिंकान्सेनचं भाडं वाचतं आणि अर्धा दिवस हाताशी येतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिचं भाडं निम्मं.

हॉटेल आणि प्रवास हे दोन वेगळे प्रश्न समजू नका. जपानमध्ये हॉटेल नक्की केलं की रोजचा निम्मा प्रवास ठरून जातो. लोक विचारतात, टोकियोत शिंजुकु चांगलं की उएनो चांगलं? भागाच्या नावावरून काही कळत नाही. हॉटेलपासून कोणती लाइन जवळ आहे, ती विमानतळावरून थेट येते का, आणि स्टेशनच्या ज्या तोंडाला (एक्झिटला) लिफ्ट आहे ते हॉटेलच्या बाजूला उघडतं की रस्त्यापलीकडे, हे पाहायला हवं. आई सोबत असताना प्रवास किती मिनिटांचा आहे यापेक्षा गाडी किती वेळा बदलावी लागते हे मोजा. एकाच गाडीत चाळीस मिनिटं बसून जाणं आईंना जमेल. वीस मिनिटांच्या प्रवासात दोनदा गाडी बदलायची म्हटलं तर त्या दुपारपर्यंत थकतील, कारण टोकियोत गाडी बदलणं म्हणजे कधी कधी जमिनीखाली पाच-सातशे मीटर चालणं आणि दोन-तीन जिने.

या हिशोबाने टोकियोत माझी पहिली पसंती तोएई आसाकुसा या भुयारी रेल्वे लाइनच्या आसपासच्या हॉटेलांना आहे. हानेदा आणि नारिता या दोन्ही विमानतळांवरून येणाऱ्या बऱ्याच गाड्या थेट या लाइनवर शिरतात. गाडी न बदलता तुम्ही आसाकुसा, निहोम्बाशी किंवा हिगाशी-गिन्झाला उतरता. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर मोठ्या बॅगा आणि झोपाळलेली मुलगी सोबत असताना याचं मोल कळतं. तुमच्यासाठी मी आसाकुसा निवडेन. सेन्सोजी मंदिर पायी, रस्ते सपाट, सुमिदा नदीकाठी संध्याकाळी फिरायला मोकळी जागा, आणि दर शिंजुकु-गिन्झापेक्षा सहसा कमी.

शिंजुकु तरुणांसाठी छान आहे. पण त्या स्टेशनला दोनशेहून अधिक तोंडं आहेत आणि प्रवासीसंख्येत ते जगात पहिलं आहे. चुकीच्या तोंडाने बाहेर आलात तर हॉटेल नकाशावर तीनशे मीटरवर दिसतं आणि पायाखाली किलोमीटर होतो. आईंना घेऊन तिथे मुक्काम नको. एक संध्याकाळ फिरायला जा.

आता हॉटेल प्रत्यक्ष कसं तपासायचं ते सांगतो. हॉटेलच्या पानावर लिहिलेलं असतं, ‘आसाकुसा स्टेशनपासून चार मिनिटं’. कोणतं आसाकुसा? तोएई लाइनचं स्टेशन आहे, त्याचा क्रमांक ए १८. गिन्झा लाइनचं आहे, जी १९. ही दोन जवळजवळ आहेत. पण त्सुकुबा एक्स्प्रेसचंही आसाकुसा नावाचंच स्टेशन आहे आणि ते तिथून पाचशे-सहाशे मीटर पश्चिमेला. नाव तेच, जागा भलतीच. म्हणून स्टेशनच्या नावासोबत अक्षर-क्रमांक जुळवून घ्या. मग रेल्वेच्या वेबसाइटवरचा स्टेशनचा नकाशा उघडा. त्यात लिफ्टचं चिन्ह कोणत्या तोंडाजवळ आहे ते दिसतं. बहुतेक भुयारी स्टेशनांवर रस्त्यापर्यंत येणारी लिफ्ट एखाद्याच तोंडाला असते, बाकीच्या तोंडांना जिने. त्या लिफ्टपासून हॉटेलच्या दारापर्यंत गुगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये चालत जा. वाटेत पादचारी पूल आहे का, चढ आहे का, हॉटेलच्या दारात पायऱ्या आहेत का, सगळं घरबसल्या दिसतं. प्रत्येक हॉटेलला दहा मिनिटं द्या. रोज सकाळ-संध्याकाळ आईंना तोच रस्ता चालायचा आहे.

खोलीबद्दल आपल्या मनात जे माप असतं ते विसरा. साध्या बिझनेस हॉटेलची खोली १२ ते १६ चौरस मीटर असते. मोठ्या दोन बॅगा एकाच वेळी उघडायला जागा नसते. ‘सेमी-डबल’ म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर रुंद एकच पलंग. दोघांसाठी म्हणून विकतात, पण दोन मोठी माणसं त्यात नीट झोपू शकत नाहीत. ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग. तुम्ही शेजारी-शेजारी दोन ट्विन खोल्या घ्या: एकीत आई आणि नात, दुसरीत तुम्ही दोघं. चौघांची एकच खोली हवी असेल तर मिमारूसारखी अपार्टमेंट हॉटेलं टोकियो, क्योटो आणि ओसाकात आहेत. त्यात छोटं स्वयंपाकघर असतं. सकाळी पोहे आणि रात्री मूगडाळीची खिचडी झाली तर आईंचं पोट ठीक राहतं. जपानी जेवणात भाज्यांच्या रस्स्यातही दाशी, म्हणजे सुक्या माशांचं पाणी असतं. त्यामुळे शाकाहारी माणसाला ही सोय लाखमोलाची आहे.

आरक्षण करताना माणसं खरी तितकीच भरा, मुलीसकट. तिथे बऱ्याच ठिकाणी दर खोलीचा नसून माणसांच्या संख्येवर असतो आणि तीन माणसं लिहून चौथं आणलेलं चालत नाही. चेक-इनला प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घेतात, त्यामुळे हे लपतही नाही. खोली धूम्रपानाची तर नाही ना, तेही पाहा. अशा खोल्या अजून मिळतात.

आणि न्हाणीघर. याकडे कोणी लक्ष देत नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी हेच सगळ्यात अवघड. बिझनेस हॉटेलात ‘युनिट बाथ’ असतो: शौचालय, वॉश बेसिन आणि टब एकाच प्लॅस्टिकच्या साच्यात बसवलेले. खोलीतून आत जातानाच वीतभर उंच उंबरा चढावा लागतो, आणि शॉवर टबात असल्यामुळे गुडघ्याएवढी कड ओलांडून आत उतरावं लागतं, तेही ओल्या पायांनी. हॉटेलच्या फोटोंमध्ये न्हाणीघराचा फोटो शोधा. ज्यात अंघोळीची जागा वेगळी आहे, फरशीवर बसून-उभं राहून अंघोळ करता येते आणि टब बाजूला आहे, अशी खोली घ्या. रात्रीमागे हजार-दोन हजार येन जास्त पडले तरी द्या.

चेक-इन दुपारी तीनला असतं आणि ते तीन म्हणजे तीन. भारतातून रात्री निघणारी बरीच विमानं सकाळी पोहोचतात. बॅगा काउंटरवर ठेवून घेतात, पण आईंना आडवं व्हायला मिळत नाही. त्यांना घेऊन जाताना मी आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यायला सांगतो. एका रात्रीचे पैसे जादा जातात, पण आंघोळ करून चार तास झोप झाली की पहिला दिवस वाया जात नाही. हॉटेलला मात्र ‘आम्ही सकाळी पोहोचू’ असं आधी लिहून कळवा, नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून आरक्षण रद्द होऊ शकतं.

नातेवाईक सांगतील की निशिकासाईला राहा, तिथे आपली माणसं आहेत. आहेत खरी. एदोगावा वॉर्डातल्या या भागात दोन-अडीच दशकांपासून भारतीय कुटुंबं वसली आहेत आणि २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्याच वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले. किराणा मिळतो, शाकाहारी जेवण मिळतं. पण मुक्कामासाठी तो भाग सोयीचा नाही. तिथून शहरात येणारी तोझाई लाइन सकाळी टोकियोतल्या सर्वांत गर्दीच्या लाइनींपैकी एक असते. एका संध्याकाळी जेवायला जा आणि जाताना पीठ-डाळ घेऊन या.

टोकियोतल्या फिरण्यासाठी प्रत्येकाला एक वेलकम सुइका कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून भाड्यासाठी वापरायचं पर्यटकांचं कार्ड. विमानतळावर मिळतं, अनामत नाही, २८ दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे-थोडे भरा. मुलीचं लहान मुलांचं कार्ड पासपोर्ट दाखवून काउंटरवरूनच घ्यावं लागतं. ते जरूर घ्या, नाहीतर दहा दिवस पूर्ण भाडं जातं. हेच कार्ड क्योटो-ओसाकाच्या लोकल, मेट्रो आणि बसमध्येही चालतं. कार्डात रोख येन भरा. आपली बँक कार्डं काही यंत्रांवर चालत नाहीत, त्यामुळे येन जवळ असू द्या. सकाळी साडेसात ते नऊ गाडीत चढू नका. आरामात नाश्ता करून साडेनऊला निघा. रात्री शेवटच्या गाड्या बाराच्या सुमारास संपतात, तुम्हाला त्याची गरज पडणार नाही. मुलीला डिस्नीलँडला न्यायचं असेल तर माइहामा स्टेशन. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनने पंधरा मिनिटं, पण त्या लाइनचे फलाट टोकियो स्टेशनच्या एका टोकाला, बाकी लाइनींपासून दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर येतात. त्या दिवशी आईंना आसाकुसात विश्रांती घेऊ द्या किंवा टॅक्सीने केइयो लाइनच्या तोंडापाशीच उतरा.

टॅक्सी. सगळीकडे नको, पण कंजूषीही नको. टोकियोत पहिल्या साधारण एक किलोमीटरला ५०० येन पडतात, रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत वीस टक्के जास्त. चार माणसं बसतात. काळी, उंच छताची, सरकत्या दाराची टॅक्सी दिसली तर तीच थांबवा. आईंना वाकावं लागत नाही. दार चालक उघडतो आणि बंद करतो, हात लावू नका. हॉटेलपासून दीड-दोन किलोमीटर असलेल्या ठिकाणाला, किंवा दिवस संपताना पाय बोलायला लागले की टॅक्सी. लांबच्या पल्ल्याला रेल्वे. विमानतळावरून टॅक्सीचा विचारही करू नका, विशेषतः नारितावरून. तो साठेक किलोमीटर लांब आहे.

टोकियोहून क्योटोला जायच्या आदल्या सकाळी मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवर द्या आणि ‘ताक्युबिन’ म्हणा, म्हणजे सामान पोहोचवणारी कुरियर सेवा. बॅगा दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोहोचतात. मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन. क्योटोच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि तुमच्या आरक्षणावर ज्याचं नाव आहे तेच नाव फॉर्मवर येऊ द्या. औषधं आणि एक दिवसाचे कपडे पाठीवरच्या पिशवीत. बॅगा सोबतच न्यायच्या असतील तर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली की शिंकान्सेनमध्ये डब्याच्या शेवटच्या रांगेतली ठरावीक आसनं आरक्षित करावी लागतात. त्याला वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन दंड. हा नियम मे २०२० पासून आहे.

निघायच्या सकाळी आसाकुसाहून टोकियो स्टेशनला टॅक्सीने जा, दोन-अडीच हजार येनमध्ये काम होतं. क्योटोकडे जाताना उजव्या बाजूच्या ई अक्षराच्या, खिडकीजवळच्या जागा मागा. आभाळ स्वच्छ असेल तर पाऊण तासात फुजी पर्वत दिसतो. प्रत्येकाकडे कागदी तिकिटं दोन असतील तर दोन्ही एकावर एक ठेवून फाटकात घाला, एकेक घातलं तर फाटक अडतं.

क्योटोत मात्र माझा सल्ला बऱ्याच जणांना पटत नाही. लोकांना गिओनच्या जुन्या गल्लीत राहायचं असतं. मी क्योटो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या सपाट रस्त्यावरचं हॉटेल घ्यायला सांगतो. खिडकीतून जुनं क्योटो दिसणार नाही, हे खरं. पण इथल्या शहर बसमध्ये पर्यटकांची इतकी गर्दी असते की आईंना उभं राहून जावं लागेल. स्टेशनजवळ राहिलात तर बस जवळजवळ टाळता येते. फुशिमी इनारीच्या लाल तोरणांना नारा लाइनने पाच मिनिटं, इनारी स्टेशनसमोरच मंदिर. डोंगर चढायचा नाही, पहिल्या हजार तोरणांच्या बोळातून परत फिरायचं. आराशियामाला सागानो लाइनने पंधरा-सतरा मिनिटांत सागा-आराशियामा. नाराला पाऊण तास. निजो किल्ला भुयारी रेल्वेने, स्टेशन दारासमोरच. किंकाकुजी या सोनेरी मंदिराला रेल्वे नाही. भुयारी रेल्वेच्या कारासुमा लाइनने किताओजी स्टेशनपर्यंत (के ०४) जा आणि पुढे टॅक्सी करा.

बसचं भाडं मोठ्यांना २३० येन, मुलांना १२०. चौघांचे ८१० येन होतात. जवळच्या अंतराला टॅक्सी याच्या दीडपटीत होते आणि आईंना दारात सोडते. कियोमिझु मंदिराला तर टॅक्सीनेच चढा, तिथला चढ गुडघ्यांना सोसणार नाही. शहराने एक दिवसाचा केवळ बसचा पास २०२३ मध्ये विकणं थांबवलं, कारण बस ओसंडून वाहत होत्या. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून पास आहे, १,१०० येनचा. तुमच्या बेतात तो वसूल होणार नाही. हॉटेल आरक्षणाच्या रकमेखेरीज क्योटोत माणशी, रात्रीमागे मुक्काम-कर वेगळा द्यावा लागतो, तेवढे येन बाजूला ठेवा.

एक रात्र र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी विश्रामगृहात, राहावं का? तुमची हौस असेल तर राहा, पण ‘पलंग असलेली ताटामी खोली’ अशी नोंद पाहून (ताटामी म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया). जमिनीवरच्या गादीवरून सकाळी उठणं आईंना जड जाईल. जेवण शाकाहारी हवं हे आरक्षणाच्या वेळीच लिहा. तिथे पोहोचल्यावर सांगून स्वयंपाक बदलत नाहीत.

घरगुती भाड्याच्या जागा स्वस्त दिसतात. जून २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने त्यांना नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे आणि वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. क्रमांक नसेल तर ती जागा सोडून द्या. क्रमांक असला तरी तुमच्यासाठी नको: जुन्या इमारतीत लिफ्ट नसते, बॅगा ठेवून घ्यायला काउंटर नसतं आणि किल्ली दाराबाहेरच्या पेटीतून सांकेतिक आकडा लावून काढावी लागते.

ओसाकासाठी वेगळं हॉटेल घेऊ नका. क्योटोहून जलद लोकलने अर्ध्या तासाच्या आत ओसाका स्टेशन येतं, तेव्हा किल्ला आणि दोतोनबोरी एका दिवसात पाहून परत या. सामान आवरणं, हॉटेल सोडणं, नव्या ठिकाणी तीन वाजेपर्यंत थांबणं यात अख्खा दिवस जातो आणि दमतात त्या आईच. परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर क्योटोहून हारुका गाडी सव्वा तासाच्या आसपास थेट कान्साई विमानतळावर सोडते. विमान सकाळी लवकरचं असेल तर मात्र शेवटची रात्र विमानतळाजवळ किंवा ओसाकातल्या नाम्बाला काढा, तिथून नानकाई लाइन थेट जाते.

विमान नक्की झालं की लगेच हॉटेलं बुक करा, फुकट रद्द करता येतील अशीच. शिंकान्सेनचं आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी जपानी वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला उघडतं. चौघांना एकत्र जागा हव्यात तर त्या सकाळी बसा. तारखा आणि निवडलेल्या दोन-तीन हॉटेलांची नावं इथे लिहा, आणि आई न थांबता किती पायऱ्या चढू शकतात तेही. त्यावरून क्योटोचे दिवस कसे मांडायचे ते सांगतो.